पदपथ रिकामे केले. माणसे कुठे गेली?

बडा पाहुणा शहरात यायचा असला की आपल्या महापालिकांना एकाएकी पदपथांची आठवण होते. रातोरात गाड्या फिरतात, बोचकी उचलली जातात, माणसे पांगवली जातात. पाहुण्याची पाठ वळताच तीच माणसे त्याच पदपथावर परततात. या लपंडावाला नागरी धोरण म्हणायचे काय?

बेघर म्हणजे भिकारी आणि भिकारी म्हणजे गुन्हेगार, हे समीकरण कायद्यानेच पक्के केले. १९५९च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात, उपजीविकेचे साधन दिसत नाही अशा अवस्थेत सार्वजनिक जागी वावरणाराही भिकारी ठरू शकतो. वॉरंटाशिवाय अटक, पहिल्या खेपेस १ ते ३ वर्षे आणि पुन्हा सापडल्यास १० वर्षांपर्यंत स्थानबद्धता! दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राजधानीपुरत्या यातील शिक्षेच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. पण ज्या महाराष्ट्रात हा कायदा जन्मला, तेथे तो सुखेनैव नांदतो आहे.

वस्तुतः पदपथावर निजणारा बहुधा कष्टकरीच असतो. तो हमाल असतो, बिगारी असतो, कचरावेचक असतो. काम जिथे, तिथेच तो पथारी टाकतो. कारण रोजच्या मजुरीत दूरच्या खोलीचे भाडे आणि प्रवासखर्च बसत नाही. १९८५च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे वास्तव ओळखले आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात सामावलेला असल्याचे सांगितले. त्याच निकालात रीतसर सूचना देऊन पदपथ मोकळे करण्याची मुभाही होती. पालिकांनी तेवढाच भाग पाठ केला!

पुढे २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांसाठी दर लाख लोकसंख्येमागे एक बारमाही, चोवीस तास खुला निवारा, असे प्रमाण घालून दिले. २०१३च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने प्रत्येक निवाऱ्यात १०० जणांची सोय अपेक्षिली आणि निधीही दिला. आता साधा हिशेब करू. २०११च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. म्हणजे निवारे १२४ आणि जागा १२,४००. त्याच जनगणनेने मोजलेले मुंबईतील बेघर मात्र सुमारे ५७ हजार. प्रमाण पुरते पाळले तरी पाचातले जवळजवळ चार जण उघड्यावरच राहणार. आणि ते तरी कुठे पाळले? या १२४पैकी निम्मेही निवारे उभे राहिले नाहीत. निधी असून निवारे का होत नाहीत, याच्या तपासासाठी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला न्या. कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली. खोट तिजोरीत नाही, इच्छाशक्तीत आहे.

फुकट छप्पर दिले की आळस बोकाळतो, असा आक्षेप हमखास घेतला जातो. त्याला उत्तर गाडगेबाबांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या आणि कीर्तनातून ऐतखाऊपणावर कोरडे ओढणाऱ्या या संताने पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. श्रमाचा आग्रह आणि निवाऱ्याची सोय यांत त्यांना विरोध दिसला नाही. दिसेल कसा? भर पावसात रात्र जागून काढलेल्या माणसाने सकाळी कोणत्या बळावर ओझे उचलावे?

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. निवारा शहराच्या वेशीबाहेर नको. बाजारपेठा, रेल्वे स्थानके आणि मोठी रुग्णालये यांच्या पायी अंतरावर हवा. बंद पडलेल्या पालिका शाळांच्या इमारती त्यासाठी वापराव्यात. स्त्रिया आणि कुटुंबे यांची स्वतंत्र सोय असावी. निवाऱ्याचा पत्ता शिधापत्रिकेसाठी ग्राह्य धरावा. आणि १९५९चा तो कायदा विधिमंडळाने रद्द करावा.

२०११मध्ये बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली होती. २०२७च्या जनगणनेत प्रगणक पुन्हा पदपथांवर येतील. माणसे मोजायला एक रात्र पुरते. त्यांना छप्पर द्यायला आणखी किती वर्षे लागणार, याचा जाब नगरसेवकाला विचारणे हे मतदार म्हणून आपले कर्तव्य आहे.