तलंगांची पिसं आणि आपला उतावीळपणा



ऊस विकास अधिकाऱ्याने कोंबड्यांवर लिहावे, हे पाहून काही जण गालात हसतील. खुशाल हसावे. पण विषय तुमच्या अंगणातला आहे, आणि त्यात आमचीही एक चूक झालेली आहे. ती कबूल करूनच पुढे लिहितो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही केंदूर शिवारात आडसाली लागणीच्या नोंदी घेत होतो. एका सभासदाच्या ओट्यावर चहा घेताना घरातल्या आजी म्हणाल्या, "साहेब, उसाचं तुम्हाला कळतंय, जरा आमच्या तलंगा बघा. मानेची, पाठीची पिसं चालली. रोग आला म्हणून हा विकायला निघालाय." चैत्रात बसवलेल्या खुडूक कोंबडीची ती पिल्ले, तीन महिन्यांची झालेली. अंगणभर पिसे पडलेली. पण तलंगा मात्र उकिरडा उकरण्यात दंग!

दोन वर्षांपूर्वी असाच प्रश्न दुसऱ्या एका घरी विचारला गेला होता. तेव्हा आम्ही न बघताच "रोग असेल, काढून टाका" असे सांगून मोकळे झालो. त्या माऊलीने दहा तलंगा पडेल भावाने दिल्या. दोन महिन्यांनी शेजारच्या घरी त्याच वयाच्या तलंगा अंडी देऊ लागल्या. त्या माऊलीने आम्हाला बोल लावला नाही, पण आमचे आम्हाला लागले.

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे, की पिसे गळणे म्हणजे रोग, हे समीकरण डोक्यातून काढा. ऊस चार-सहा महिन्यांचा झाला की बुडातली पाने वाळतात. त्याला आपण रोग म्हणत नाही, पाचट म्हणतो. कोंबडीचेही तसेच आहे. पिल्लू जन्मते ते मऊ लवेत. पाच-सहा आठवड्यांत त्या जागी पहिली पिसे येतात. पण तीही कायमची नसतात. पुढे अंड्यावर येईपर्यंत ती टप्प्याटप्प्याने झडून नवी येतात. गळ बहुधा डोके-मानेकडून सुरू होऊन अंगावर आणि शेवटी शेपटीकडे जाते. मोठी कोंबडीही वर्षभर अंडी दिल्यावर, दिवस लहान होऊ लागले की पिसे टाकते आणि महिना-दोन महिने अंडी बंद करते. ती विसावा घेत असते. तिला बाजार दाखवू नका.

मग रोग कसा ओळखावा? तलंग हातात घ्या आणि पिसे फुंकरीने बाजूला सारा. उघड्या जागी काट्यासारखे नवे कोंब दिसले, कातडी स्वच्छ असली आणि पक्षी खातापिता असला, तर काळजी नको. ते कोंब मात्र उपटू नका. त्यात रक्त असते, आणि रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात. गुदाजवळ, पिसाच्या मुळाशी पांढरी लिखांची गठळी असेल तर उवा आहेत. तुरा फिका पडला असेल तर रात्री दिवा घेऊन खुराड्याच्या फटी बघा. रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा तिथे दडतात. शेपटीच्या मुळाशी पिसे तुटलेली, जखमा झालेल्या, तर खुराड्यात दाटी झाली आहे. रात्रीला पक्ष्यामागे निदान एक चौरस फूट जागा हवी.

दुसरे म्हणणे खाण्याचे. पीस हे बहुतेक सगळे प्रथिनच असते. बाजरी-ज्वारीत प्रथिन दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास, आणि वाढत्या तलंगेला हवे सोळा टक्के. नुसत्या कण्यांवर नवी पिसे कुठून येणार? थोडी शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड मिसळा. बुरशी धरलेली पेंड मात्र नको, आणि कच्चे सोयाबीनही नको.

तिसरे म्हणणे सर्वांत महत्त्वाचे. केंदूरच्या त्या घरी कोनाड्यात हुमणीसाठी आणलेल्या औषधाचा जुना डबा होता, आणि "चिमूटभर अंगाला चोळू का?" असे मुलगा विचारत होता. बंधूंनो, हे कदापि करू नका! पूर्वी बी.एच.सी. पावडर लोक सर्रास चोळत. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. दाणेदार फोरेटही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. उसाचे कुठलेही विष कोंबडीच्या अंगावर गेले की ते तिच्या पोटात, अंड्यात आणि शेवटी आपल्याच नातवंडांच्या ताटात येते. उवांना राख आणि कोरडी माती लोळायला द्या, खुराड्याच्या फटी चुन्याने बुजवा. एवढ्याने भागले नाही, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

याचा अर्थ सगळेच दुर्लक्षावे असा नव्हे. मान वाकडी होणे, हिरवी हगवण, धाप आणि पटापट मरतूक ही मानमोडीची म्हणजे राणीखेतची लक्षणे. तिची लस सातव्या दिवशी आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी देऊन घ्या. अचानक मरतूक झाली तर पक्षी विकू नका, दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूने काय झाले, ते आठवा.

कोणी म्हणेल, दहा कोंबड्यांचे एवढे काय? आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो, तेव्हा कुठे बिल निघते. मधल्या काळात मीठ-मिरची आणि पोरांच्या वह्या अंड्यांवर निघतात. उसाचे बिल बहुतेक ठिकाणी मालकाच्या नावावर जमा होते. अंड्याचा पैसा घरातल्या बाईच्या मुठीत राहतो. तलंग विकायची की ठेवायची, हे ठरवताना निदान तिला विचारा तरी!

केंदूरच्या आजींनी त्या तलंगा विकू दिल्या नाहीत. दिवाळीत गेलो तेव्हा त्यांनी आमच्या हातावर दोन अंडी ठेवली आणि म्हणाल्या, "आता उसाचं बोला."

— ऊस विकास अधिकारी