ओल हे विधिलिखित नव्हे

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिंती पाझरू लागतात, पेटीतल्या कपड्यांना कुबट वास येतो, चामड्याच्या चपलांवर पांढरी साय धरते आणि छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके उमटतात. गणपतीपूर्वी घराला रंग काढला की हे ठिपके दडतात. पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा वर येतात. 'कोकणात हे चालायचेच' या एका वाक्यावर विषय मिटतो. मात्र त्याच घरातल्या लहान मुलाचा रात्रीचा खोकला आणि वृद्धांची धाप या गोष्टी त्या ठिपक्यांशी जोडून पाहिल्या जात नाहीत.

बुरशी ही मूलतः मानवाची वैरीण नव्हे. पालापाचोळा कुजवून मातीला परत देण्याचे काम तीच करते, आणि १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला तोही बुरशीमुळेच. परंतु अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम या बुरशांचे बीजाणू अवघ्या काही मायक्रॉन आकाराचे असतात. बंद खोलीत ते श्वासावाटे आत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार, अ‍ॅलर्जी आणि दमा यांचा धोका अधिक असतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. काही दमेकऱ्यांत अ‍ॅस्परजिलसमुळे फुप्फुसाची गंभीर अ‍ॅलर्जी जडते. तिची लक्षणे क्षयासारखी भासत असल्याने निदान चुकण्याचा संभव असतो.

मात्र घबराटीलाही कारण नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात 'काळी बुरशी' या शब्दाने महाराष्ट्र हादरला होता. तो म्युकरमायकोसिसचा रोग होता. कोरोना, अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा वापर यांनी खचलेल्या देहांवर त्याने घाला घातला. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो रोग नव्हे. बुरशीमुळे स्मृती जाते किंवा सर्वांगात विष भिनते, या समजुतींनाही पुरेसा आधार नसल्याचे अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ च्या अहवालात नमूद केले होते. खोकला, घरघर आणि दम्याचा त्रास बळावणे यांचा संबंध मात्र त्याच अहवालाने मान्य केला. भीतीपेक्षा हे सत्य अधिक उपयोगी आहे.

पूर्वीचे घर ओलीशी निराळ्या रीतीने झुंजत असे. उंच जोते, पुढे आलेली पाखाडी, फटींतून वारा खेळवणारी कौले आणि पावसाआधी भिंतींना बांधलेली झापे यांनी पाणी भिंतीपासून दूर ठेवले. चुलीची धग घर कोरडे राखी. पण तिच्या धुराने घरातल्या स्त्रियांची फुप्फुसे काळवंडली हेही विसरता येत नाही. गॅस आला ते योग्यच झाले. स्लॅब आला, सिमेंटचा गिलावा आला, घट्ट बसणाऱ्या खिडक्या आल्या. परंतु आतली वाफ बाहेर कशी जाईल याचा विचार आला नाही. भर पावसात दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे पाणी शेवटी भिंतीतच मुरते.

घरातील आर्द्रता साठ टक्क्यांखाली ठेवा, हा परदेशी सल्ला आषाढातल्या रत्नागिरीत हास्यास्पद ठरेल. येथे पहिला उपाय म्हणजे पाण्याचा शिरकाव थांबवणे: गळका स्लॅब, फुटलेला नळ, तुंबलेले पन्हाळ. दुसरा, स्वयंपाकघर व न्हाणीघर यांची वाफ बाहेर घालवणारा पंखा. बुरशी साबणाच्या पाण्याने पुसून जागा कोरडी करावी, आणि हे काम दमेकऱ्याने करू नये. वरून रंग फासणे हा उपाय नव्हे, ते केवळ झाकणे आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळुणातील घरे पाण्याखाली गेली. अशा वेळी चिखल उपसल्यावर काम संपत नाही. भिजलेल्या वस्तूंवर एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते. भिजलेली गादी जिवावर येऊनही टाकून द्यावी लागते.

परंतु सारा भार गृहिणीच्या फडक्यावर टाकणे अन्यायाचे होईल. भाड्याची जागा दुरुस्त व राहण्याजोगी ठेवणे हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या चौदाव्या कलमाने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. लेखी नोटिशीनंतरही त्याने टाळाटाळ केल्यास भाडेकरूला मर्यादित खर्च भाड्यातून वळता करून घेता येतो. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक बालक घरातील बुरशीमुळे दगावले, आणि २०२३ साली तेथे सामाजिक घरांच्या मालकांवर ठरावीक मुदतीत ओल हटवण्याचे बंधन घालणारा कायदा झाला. आपल्याकडे जाग येण्यास बालकाचा बळी कशाला हवा?

जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा वर्गांचे छप्पर कोणी तपासलेले असते काय? ज्या दफ्तरखान्यात कारकून वर्षानुवर्षे ओले गठ्ठे उलगडतो, तेथे एखादी खिडकी उघडते काय? १८२८ पासून नगर वाचनालय चालवणाऱ्या शहराला ओल पुस्तकांचे काय करते हे सांगावे लागू नये. ती पुस्तके वाचणाऱ्यांच्या श्वासाची तितकीच निगा राखली जावी, आणि तिची सुरुवात मे महिन्यातच, पहिल्या सरीपूर्वी व्हावी. पाऊस कोकणचे भाग्य आहे. भिंतीत मुरलेले पाणी हा मात्र केवळ हलगर्जीपणा आहे.