हौस कुणाची, हमाली कुणाची

‘खेळाला पैशाचा विटाळ नको.’

विटाळ. नेमका हाच शब्द. गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात एका प्राध्यापकानं तो तोंडातून काढला. माणूस आपल्यातलाच, शिष्यवृत्तीवर शिकून वर गेलेला. विषय निघाला होता अमेरिकेतल्या कॉलेजांकडून खेळणाऱ्या पोरांचा. त्यांना खेळायचे पैसे द्यावेत की नाही? सर म्हणाले, कॉलेज म्हणजे विद्येचं मंदिर, तिथं पोरगा खेळतो तो हौसेनं. हातावर पगार ठेवला की खेळ मेला. आणि फुकट शिक्षण मिळतंय की, आणखी काय पाहिजे? दोन-चार बी.ए. पोरांनी माना हलवल्या. मला बोलायला पाच मिनिटं दिली. मी मॅट्रिक पास, गोदीत हमाल, वर कविता करतो. पाच मिनिटांत माझं नरडंसुद्धा तापत नाही. म्हणून हे कागदावर.

गोदीतल्या हमालाला अमेरिकेच्या फुटबॉलचं काय पडलंय, असं ज्याला वाटत असेल त्यानं खुशाल पान उलटावं. १९७२ साली या मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा नाव कुठून घेतलं होतं? ओकलंडच्या काळ्या पोरांकडून. त्यांचं नाव घेतलं तर त्यांच्या घामाचा हिशेबही घ्यावा लागेल.

तर हिशेब घ्या. तिथल्या कॉलेजांच्या खेळांवर एन.सी.ए.ए. नावाच्या संस्थेचा अंमल. दर मार्चमध्ये बास्केटबॉलची मोठी स्पर्धा होते. ती टीव्हीवर दाखवायचे हक्क २०१० साली चौदा वर्षांसाठी १०८० कोटी डॉलरला गेले. २०१६ साली करार २०३२ पर्यंत वाढवला, वर आणखी ८८० कोटी डॉलर. बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात महाग माणूस गव्हर्नर नसतो, तो कॉलेजच्या टीमचा कोच असतो. टेक्सस ए अँड एम विद्यापीठानं २०२३ साली आपला फुटबॉल कोच जिम्बो फिशर याला घरी बसवलं. घरी बसवायची किंमत साडेसात कोटी डॉलरांच्या वर. काम न करण्याची मजुरी, दोस्तांनो! आणि मैदानात हाडं मोडून घेणाऱ्या पोराला? फी, खोली, जेवण, पुस्तकं. २०१४ साली कनेटिकट विद्यापीठाचा शबाझ नेपियर, त्या वर्षीची स्पर्धा जिंकून देणारा काळा पोरगा, पत्रकारांना म्हणाला की काही रात्री मी उपाशी झोपतो. तेव्हा त्याच महिन्यात एन.सी.ए.ए.नं खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठवली. म्हणजे तोवर मर्यादा होती! फुटबॉल आणि बास्केटबॉल, जिथं पैसा पिकतो त्या दोन खेळांत काळी पोरं भरलेली, आणि कोच, कुलगुरू, कारभारी बहुतेक गोरे. एवढं लिहिलं की आपल्या वाचकाला पुढचं सांगायला नको. पण मला एका शब्दाबद्दल सांगायचंच आहे, कारण सगळी हरामखोरी त्या शब्दात आहे.

‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’. विद्यार्थी-खेळाडू. ऐकायला किती सोज्वळ. १९५३ साली कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं डेन्व्हर विद्यापीठाच्या एका जखमी फुटबॉल खेळाडूला कामगार म्हणून नुकसानभरपाई मंजूर केली. कॉलेजवाल्यांची झोप उडाली. १९५५ साली त्याच राज्यात रे डेनिसन हा फोर्ट लुईस कॉलेजचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार बसून मेला. त्याच्या बायकोनं भरपाई मागितली. १९५७ साली कोर्टानं तिला रिकाम्या हातानं परत पाठवलं: कॉलेज काय फुटबॉलचा धंदा करत नाही, मग तुझा नवरा कामगार कसा? या धास्तीच्या वर्षांत एन.सी.ए.ए.चा मुख्य कारभारी वॉल्टर बायर्स आणि त्याच्या माणसांनी हा शब्द घडवला आणि सगळीकडे सक्तीचा केला. हे मी म्हणत नाही. बायर्सनं स्वतः १९९५ साली पुस्तक लिहून सांगितलं, आणि या कारभारामागची वृत्ती गुलामांच्या मळ्यावरची आहे असंही म्हणून टाकलं. छत्तीस वर्षं मळ्याची राखण केली आणि रिटायर झाल्यावर साक्षीला उभा राहिला. आपल्याकडंही असे साहेब भेटतात, पेन्शन सुरू झाली की ज्यांना क्रांती आठवते.

१९७४ साली टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉल्ड्रेप सामन्यात मानेवर पडला आणि कायमचा लुळा झाला. भरपाईसाठी झगडत राहिला. २००० साली टेक्ससच्या कोर्टानं सांगितलं, तू विद्यापीठाचा कामगार नव्हतासच.

हे समजायला मला डिक्शनरी लागली नाही. आमच्या ठेकेदाराच्या मस्टरवर मी तीन वर्षं ‘शिकाऊ’ आहे. तीन वर्षं काय शिकतोय? कंटेनरचं दार उघडायचं आणि आतल्या गोण्या पाठीवर घ्यायच्या. गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतल्या एकाचं बोट साखळीत सापडून तुटलं. मुकादम म्हणाला, शिकाऊंना भरपाई नसते, शिकताना लागतंच. कोलोरॅडोचा न्यायाधीश आणि आमचा मुकादम एका आईची लेकरं. कामाला दुसरं नाव ठेवायचं, की कामाचा दाम द्यावा लागत नाही.

आता सरांची ‘हौस’. हा सोवळा शब्द कुठून आला ते बघा. इंग्लंडात हेन्ली नावाचं गाव आहे, थेम्स नदीवर. तिथं साहेबलोकांच्या होड्यांच्या शर्यती होतात. १८७९ साली तिथं नियम केला की हौशी कोण नाही: जो मजुरीवर मेकॅनिक, कारागीर किंवा लेबरर आहे किंवा कधी होता तो हौशी नाही. ज्यानं होडीवर किंवा होडीच्या आसपास मजुरी घेऊन काम केलंय तोही नाही. वाचून मी पाळीवर एकटाच हसत बसलो. मी मजूर, आणि माझी मजुरी बोटींच्या आसपास. म्हणजे मी दोनदा बाद! पैसे घेऊन होडी हाकली तर नाही म्हणणं एक वेळ समजू. इथं दंडाला कामाची सवय आहे एवढ्यावर माणूस बाद. मजुराचा हा अपात्रपणा १९३७ साली काढला. अ‍ॅमेच्युअर, हौशी, या शब्दाच्या पोटात हे आहे. ज्याच्या बापाची इस्टेट आहे त्यालाच फुकट खेळणं परवडतं, आणि मग फुकट खेळणं हीच त्याची पवित्रता. सरांना ‘विटाळ’ हा शब्द उगाच नाही सुचला.

तो हौशीपणा साहेबानं पुण्यालाही आणला. साहेबाला नेटमध्ये बॅटिंग करायची हौस, मग तासन्‌तास बॉल कुणी टाकायचे? महिना चार रुपयांवर राबणाऱ्या पालवणकर बाळूनं. चांभार समाजातला हा पोरगा पुढं त्या काळातला देशातला मोठा बोलर झाला, १९११ साली इंग्लंडला खेळून आला. इंग्लंडच्या क्रिकेटात तर हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेअर’ अशा दोन जाती १९६२ पर्यंत होत्या.

आणि हा सोवळेपणा कुणावर चालवला? जिम थॉर्पवर. अमेरिकेचा मूळनिवासी, सॅक अँड फॉक्स जमातीचा, कार्लाइलच्या इंडियन शाळेचा विद्यार्थी. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकात दोन सुवर्णपदकं जिंकली. पुढच्याच वर्षी ती काढून घेतली. का? तर १९०९ आणि १९१० साली त्यानं किरकोळ पैशासाठी बेसबॉल खेळला होता. ज्यांनी त्याच्या लोकांची जमीन गिळली ते त्याला म्हणाले, तू पैशाला हात लावलास. तो १९५३ साली मेला. पदकं घरच्यांना १९८३ साली मिळाली आणि एकट्याचा विजेता म्हणून त्याचं नाव २०२२ साली परत लागलं. एकशे दहा वर्षं!

आता ‘फुकट शिक्षण’. सगळ्यांचा हा आवडता दगड, म्हणून तो उलटून बघू. १९७३ साली एन.सी.ए.ए.नं चार वर्षांची शिष्यवृत्ती बंद करून दर वर्षी नव्यानं द्यायची केली. पोरगा जखमी झाला, कोचच्या मनातून उतरला, की पुढच्या वर्षी बाहेर. २०१२ पर्यंत हेच. ही शिष्यवृत्ती म्हणायची की नाक्यावरची हजेरी? आणि शिक्षण कसलं? नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिल विद्यापीठात १९९३ ते २०११, अठरा वर्षं, कागदावरचे वर्ग चालले. तास नाही, मास्तर नाही, एक निबंध द्या आणि मार्क घ्या. तीन हजारांवर विद्यार्थी त्यातून गेले, जवळजवळ निम्मे खेळाडू. आणि हे वर्ग कुठल्या विभागात होते? आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यासाच्या. ज्या विभागात काळ्या पोरानं आपला इतिहास शिकायचा त्याच विभागात त्याला अडाणी ठेवायचा कारखाना! २०१७ साली एन.सी.ए.ए.नं हात झटकले: हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, मग आमचा नियम मोडला कुठे?

या ‘मोबदल्या’ला आपल्या भाषेत जुना शब्द आहे. बलुतं. गावकीची चोवीस तासांची कामं करायची आणि वाट्याला जमिनीचा तुकडा, खळ्यावरचं पसाभर धान्य, शिळी भाकर. वर पुन्हा तो ‘मान’, तो ‘हक्क’. मजुरी मागायची नाही, कारण तू मजूर कुठे, तू वतनदार! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं ते याच लबाडीवर. सर, तुम्ही दर चौदा एप्रिलला त्यावर भाषण करता. खळ्याच्या जागी मैदान आलं की तुम्हाला ते ओळखू का येत नाही?

कुणी म्हणेल, बाबा, तू जुनं उगाळतोयस, आता तर पैसे मिळायला लागले. मिळायला लागले, खरंय. एड ओ’बॅनन या जुन्या खेळाडूला व्हिडिओ गेममध्ये आपलाच नंबर घातलेला आपलाच पुतळा धावताना दिसला, दमडी न मिळता. २००९ साली तो कोर्टात गेला. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं नऊ विरुद्ध शून्यानं एन.सी.ए.ए.ला फटकारलं. जस्टिस कॅव्हनॉ, ज्याला कुणी लाल म्हणणार नाही, त्यानंसुद्धा लिहिलं की कामगारांना रास्त मोल न देणं हेच आमच्या मालाचं वैशिष्ट्य, असं सांगून अमेरिकेत दुसरा कुठलाही धंदा सुटू शकत नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि फोटो विकायची मुभा मिळाली. स्वतःचं नाव! ६ जून २०२५ ला तडजोड मंजूर झाली: २०१६ पासूनच्या खेळाडूंना मागचे सुमारे २८० कोटी डॉलर, आणि पुढं सामील झालेल्या प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंत वाटायची परवानगी. काही पोरं आज लाखांनी कमावतात. कमवू देत, कोच कमावतो तेव्हा कुणाचं पोट दुखत नव्हतं.

पण कागद नीट वाचा. पैसे नावाचे, फोटोचे, महसुलातल्या वाट्याचे. मजुरीचे नाहीत. ‘कामगार’ हा एक शब्द तेवढा लिहायचा नाही. म्हणजे मान मोडली तर कामगार म्हणून भरपाई नाही, युनियनशी वाटाघाट नाही, आणि वाट्याची वरची मर्यादा ठरली ती कोर्टकचेरीतल्या तडजोडीत. बक्षिसी वाढली, मस्टरवर नाव ‘शिकाऊ’च राहिलं.

डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉलच्या पोरांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. बाबासाहेब शिकले ते कोलंबिया आणि हे डार्टमथ एकाच आयव्ही लीगमधले. तिथं खेळासाठी शिष्यवृत्तीसुद्धा नाही, आणि २०२५ च्या तडजोडीतूनही ही मंडळी बाहेर राहिली. त्या टीममधली काही पोरं कॉलेजात इतर काम करत होती आणि त्या कामासाठी आधीच युनियनची सभासद होती. तिथं तो कामगार, आणि त्याच कॉलेजचा शर्ट घालून मैदानात उतरला की हौशी! ५ मार्च २०२४ ला त्यांनी तेरा विरुद्ध दोन मतांनी युनियन केली. कॉलेजनं बोलणी करायलाच नकार दिला. वर्षअखेरीला वॉशिंग्टनात सरकार बदलणार, कामगार बोर्ड विरोधात जाणार हे दिसलं तेव्हा ३१ डिसेंबरला युनियननं अर्ज मागं घेतला. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलवाल्यांचंही तेच: २०१४ साली बोर्डाच्या प्रादेशिक अधिकाऱ्यानं त्यांना कामगार ठरवलं, २०१५ साली वरच्या बोर्डानं आम्ही यात पडत नाही म्हणून हात वर केले.

एक आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. पैसा सगळा फुटबॉल-बास्केटबॉलच्या पोरांकडं जाईल, पोरींचे खेळ मरतील. ही भीती खोटी नाही. मागच्या पैशाचा मोठा वाटा पोरांकडेच जातोय, म्हणून काही महिला खेळाडूंनी त्या तडजोडीविरुद्ध अपील केलं. बरोबर केलं. वाट्याचं भांडण झालंच पाहिजे. पण ते कामगारांनी आपसात आणि मालकासमोर बसून करायचं. घरी बसणाऱ्या कोचला साडेसात कोटी मोजणाऱ्यांनी पोरींच्या गरिबीचे कढ काढू नयेत.

आणि ज्याला अजून वाटतं की हे काम नाही, खेळ आहे, त्यानं मिसुरी विद्यापीठाकडं बघावं. २०१५ चा नोव्हेंबर. काळ्या विद्यार्थ्यांना शिवीगाळ चाललेली, अध्यक्ष टिम वुल्फ ढिम्म. जोनाथन बटलर नावाचा विद्यार्थी २ तारखेपासून उपोषणाला बसला. पाच दिवस गेले, कुणी हललं नाही. एक पोरगा उपाशी मेला असता तर शोकसभा झाली असती. ७ तारखेच्या रात्री फुटबॉल टीममधल्या काळ्या खेळाडूंनी जाहीर केलं, वुल्फ जाईपर्यंत आम्ही मैदानात पाय ठेवणार नाही. पुढच्या शनिवारचा सामना बुडाला असता तर विद्यापीठाला दहा लाख डॉलर भरावे लागणार होते. ९ तारखेला, सोमवारी सकाळी, वुल्फनं राजीनामा दिला. बटलरनं उपोषण सोडलं. दुसऱ्या दिवसापासून ती पोरं सरावाला परत गेली, बिनपगारी.