ओल्या वाळूचा पट्टा

आमच्या मातोश्रींचा डावा गुडघा हा घरातला सर्वांत स्पष्टवक्ता सभासद आहे. जिना त्याला चालत नाही. पुण्यातले फुटपाथ त्याने केव्हाच वाळीत टाकले. पण दर थंडीत आई आमच्याकडे दापोलीला आली, की हाच गुडघा कर्द्याच्या किनाऱ्यावर तासभर मुकाट्याने चालतो. आईचं माहेर हर्णैचं. माहेरचा वारा लागला की गुडघा बरा होतो, असं ती म्हणते. मला विचाराल तर ही सगळी करामत ओल्या वाळूची आहे.

कोरड्या वाळूत पाय घोट्यापर्यंत जातो. पाण्यात उभं राहावं तर लाट पायाखालची वाळू ओढून नेते. या दोहोंच्या मध्ये जो ओला, घट्ट, सपाट पट्टा असतो, तो म्हाताऱ्या माणसांसाठी देवाने स्वतः धुमस करून ठेवलेला रस्ता आहे. पोरांचं राज्यही तिथेच. बारक्या कुर्ल्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घालतात ती तिथे, शिंपले तिथे, किल्ल्याला लागणारी ओली वाळू तिथे. त्यामुळे आई, सात वर्षांचे चिरंजीव आणि चार वर्षांची कन्यका यांचा वेग अगदी एक जमतो : ताशी चाळीस शिंपले. मी आणि सौभाग्यवती आपले चपला सांभाळत मागून.

आता या पट्ट्याला तिसरा हक्कदार उत्पन्न झाला आहे. मोटार! कोरड्या वाळूत तिचंही चाक रुततं, पाण्यात तिलाही जायचं नसतं. म्हणजे मोटारीचं चाक आणि आईचा गुडघा यांचं या एका बाबतीत संपूर्ण मतैक्य आहे. फरक एवढाच की गुडघा ताशी साठच्या वेगाने गोल गोल फिरत नाही, आणि फिरताना त्याचा कुणी फोटो काढत नाही.

परवा नाताळच्या सुट्टीत या मंडळींपैकी एकाशी माझा वाद झाला. 'एवढी मोकळी जागा पडलीय, तुमचं काय जातं?' असा त्याचा सवाल. अहो, मोकळी आहे म्हणून तर आम्ही पोरांचा हात सोडतो! रस्त्यावर मोटार येते ती निदान ऐकू येते. इथे लाटांच्या गाजेत इंजिनाचा आवाज बुडून जातो. त्यात कुर्लीच्या बिळावर ओणवी झालेली चार वर्षांची मुलगी मोटारीच्या बॉनेटपेक्षा बुटकी असते. चालवणाऱ्याचे डोळे सूर्यास्ताकडे. पुढचं मी लिहीत नाही. मला ते रात्री झोपताना दिसतं तेवढं पुरे.

दुसरा मुद्दा पैशांचा. 'आम्ही येतो म्हणून गाव जगतं.' हे मात्र खरं आहे. मी बँकेत आहे; खोल्या बांधायला काढलेल्या कर्जांचे कागद माझ्याच टेबलावरून जातात. पाहुणे आले नाहीत तर हप्ते थकतील. पण पाहुणा ओसरीवर येतो म्हणून काही मोटारसायकल माजघरात घालत नाही. माझीही एक जुनी मोटार आहे. ती वर सुरूंच्या झाडांखाली उभी राहते आणि तिथून तिला समुद्र छान दिसतो.

शिवाय याच महिन्यांत रात्री कासविणी अंडी घालायला याच किनारपट्टीवर येतात. वेळास, आंजर्ल्याला त्यांची घरटी कुंपण घालून जपतात. तिथून सुटलेलं पिल्लू जेमतेम बोटाएवढं. समुद्राकडे निघालेलं ते पिल्लू चाकोरीत पडलं तर त्याला बाहेर चढता येत नाही. चाकोरी सोडा म्हणून आपण तरुणांना उपदेश करतो. कासवाच्या पिल्लाला कोण करणार?

'आमची गाडी फोर-बाय-फोर आहे, रुतत नाही,' हा त्याचा शेवटचा मुद्दा. हे वाक्य संपून पंधरा मिनिटं झाली असतील. गाडी मागच्या दोन्ही चाकांनी बसली. चारही तरुण उतरून ढकलू लागले. चाकं फिरत होती आणि गाडी पाताळाकडे निघाली होती. मला आनंद झाला, हे लपवत नाही.

आई मात्र लगबगीने पुढे झाली. "बाळांनो, उद्या एकादशी, म्हणजे आज दशमी. दहाची पाऊणपट किती?"

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. एकाने मोबाईल काढला.

"साडेसात!" पाऊणकी पाठ असलेली आई म्हणाली. "साडेसाताला पुरती भरती. आत्ता पाच वाजलेत. ट्रॅक्टर बोलवा आधी. बरं तर बरं, भांग नुकताच सरलाय. पौर्णिमेच्या उधाणात पाणी कुठवर येतं ठाऊक आहे का?" असं म्हणून तिने सुरूच्या झाडांकडे बोट दाखवलं. माझी मोटार तिथेच उभी होती. मी ती जरा मागे घ्यावी का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

ट्रॅक्टर यायला पाऊण तास लागला. तोवर पाणी पुढच्या चाकांपर्यंत आलं होतं. दोर बांधताना मीही हात लावला. न लावून सांगतो कुणाला, आई बघत होती. गाडी निघाली, ट्रॅक्टरवाल्याने पैसे मोजून घेतले. मघाशी वाद घालणारा तरुण आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "आजी, अंधार होतोय. तुम्हाला गाडीतून वरपर्यंत सोडू का?"

"वाळूवरून?" आई म्हणाली.

तो ओशाळून हसला. गाडी हळूहळू वर गेली. मागे गुडघाभर खोल दोन खड्डे आणि लांबच लांब चाकोऱ्या राहिल्या. कन्यकेने आपली प्लॅस्टिकची बादली उचलली आणि एका चाकोरीत वाळू टाकायला सुरुवात केली. चिरंजीव पायाने लोटू लागले. आई खड्ड्याच्या काठावर बसली आणि हाताने वाळू ओढू लागली. "आई, गुडघा," मी म्हटलं. तिने ऐकलं नाही. सौभाग्यवतींनी चपला माझ्या हातात दिल्या आणि त्याही खाली बसल्या.