न समजणाऱ्याचा कबुलीजबाब

वेड हा आजार आहे. बौद्धिक अपंगत्व हा आजार नव्हे. ते बालपणापासून सोबत असते आणि औषधाने ओसरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मानसिक आजाराच्या व्याख्येतून ते वगळले आहे. पोलीस कोठडीत मात्र या भेदाला फारशी किंमत नसते. आरडाओरडा करणाऱ्याला निदान डॉक्टरकडे नेतात. समज कमी असलेला माणूस गप्प राहतो, मान डोलावतो आणि समोरच्याला बरे वाटावे म्हणून ‘होय साहेब’ म्हणतो. पोलिसांपुढील कबुली पुरावा ठरत नसली, तरी तिच्यातून हाती लागलेली वस्तू ठरते. दंडाधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब तर ठरतोच.

१९७२ साली लंडनमध्ये एका खुनाच्या खटल्यात तिघा मुलांना शिक्षा झाली. त्यातील १८ वर्षांच्या मुलाची समज आठ वर्षांच्या बालकाएवढी होती. तिघांच्या जबान्या खोट्या ठरून १९७५ मध्ये शिक्षा रद्द झाल्या. पुढे १९८४ च्या कायद्यान्वये अशा आरोपीच्या चौकशीवेळी पोलिसांशी संबंध नसलेली प्रौढ व्यक्ती हजर ठेवणे बंधनकारक झाले.

आपल्याकडेही तरतुदी आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ नुसार जिल्हा शल्यचिकित्सकाकडून तपासणी होते. जामिनावर सोडता न येणाऱ्यासाठी कलम ३६९ मध्ये काळजी व प्रशिक्षण देणाऱ्या निवासी केंद्राचा उल्लेख आहे. पण तपासणीसाठी आधी दंडाधिकाऱ्याला शंका यावी लागते. ती कशी येणार? श्रीमंताच्या मुलाजवळ दाखला असतो, वकील असतो. पैठण-कन्नडकडील शेतमजुराचा मुलगा गावात ‘भोळा’ म्हणून गुरे राखत वाढतो. दाखल्यासाठी शहराच्या फेऱ्या मारायच्या, तर घरची मजुरी बुडते. अपंगत्व दोघांचे सारखेच. न्यायालयाला दिसते ते एकाचेच.

याचा शेवट कोठे होऊ शकतो? २०२१ च्या एका अभ्यासात फाशीची शिक्षा झालेल्या भारतीय कैद्यांपैकी सुमारे ११ टक्के बौद्धिक अपंग आढळले.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. अटकेनंतरच्या पहिल्या हजेरीतच आरोपीची समज तपासली जावी. चौकशीवेळी विश्वासातील माणूस सोबत असावा. हर्सूल कारागृहातील कच्च्या कैद्यांची अशी तपासणी व्हावी, आणि कलम ३६९ मधील निवासी केंद्र मराठवाड्यात कोठे आहे, याचे उत्तर शासनाने द्यावे. अपंगांना व कोठडीतील आरोपींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. कोठडीतल्या त्या मुलाला तो मागता येणार नाही. त्याच्या वतीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे दार ठोठावणे हे गावोगावच्या कार्यकर्त्याचे काम आहे.