फॉन्ट निवृत्त करा, मजकूर नव्हे

महाराष्ट्रातील अनेक लहान मुद्रणालयांत, संस्थांच्या कार्यालयांत आणि नियतकालिकांच्या अक्षरजुळणी विभागांत आजही एखादा जुना संगणक जिवापाड जपलेला आढळतो. त्यावर विंडोज एक्सपी असते, पेजमेकर असते आणि श्री-लिपी, आकृती, एपीएस वा आयएसएम यांपैकी एखाद्या प्रणालीची जुनी आवृत्ती असते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली आली. एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या. निर्मात्यांनी ज्यांच्यावरून केव्हाच हात काढून घेतला, त्या साधनांवर लग्नपत्रिकांपासून वार्षिक अहवालांपर्यंतचा मजकूर सिद्ध होत आहे. ही साधने बंद करावीत की चालतात तोवर चालू द्यावीत, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो मराठीच्या लिखित संचिताचा प्रश्न आहे.

जुनी साधने वापरणाऱ्यांना आळशी किंवा मागासलेले ठरविण्याची एक शहरी सवय आहे. ती अन्यायाची आहे. वीस-पंचवीस वर्षे एकाच कळफलकावर बोटे बसलेल्या जुळाऱ्याचा वेग नव्या कळफलकावर निम्मा होतो आणि त्याचे पोट पानांच्या संख्येवर असते. शिवाय नवे साधन तरी वेळेवर कोठे तयार होते? पेजमेकरला युनिकोड कळतच नव्हते आणि त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाईनमध्ये देवनागरी युनिकोडची रीतसर सोय व्हावयास २०१२ साल उजाडले. तोवर ज्याला अंक वेळेवर छापावयाचा होता, त्याने जुना फॉन्ट धरून ठेवला यात नवल नाही. काटकसर हा मध्यमवर्गीय घराचा संस्कार आहे. चालती वस्तू टाकून देणे आपल्याकडे शहाणपणाचे मानले जात नाही.

मात्र या काटकसरीची खरी किंमत डोळ्यांना दिसत नाही, ती धारिकेच्या पोटात दडलेली असते. जुन्या फॉन्टमध्ये साठविलेले मराठी हे संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतेच. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या अडीचशेच्या आसपास घरांत देवनागरीचे तुकडे बसविलेले असतात. त्यात ‘ग’ हे पुष्कळदा एक अक्षर नसून अर्धा ग आणि काना असे दोन तुकडे असतात; ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर नोंदला जातो. फॉन्ट आहे तोवर पान सुबक दिसते. तो काढून घेतला की उरतो रोमन अक्षरे व चिन्हे यांचा निरर्थक ढीग. अशा मजकुरात शब्द शोधता येत नाही, अकारविल्हे सूची करता येत नाही. त्यातही प्रत्येक कंपनीची घरांची मांडणी निराळी. ग्राहक दुसरीकडे जाऊ नये, ही सोय त्यातून आपोआपच झाली. काही प्रणालींना तर संगणकाच्या मागे खोचावयाची एक कुलूपवजा डबी, म्हणजे डोंगल, लागे. ती बसावयाची जागाच नव्या संगणकांतून नाहीशी झाली आहे.

हे अटळ होते असे म्हणता येत नाही. वर्णमालेच्या तत्त्वावर आधारलेले ‘इस्की’ हे भारतीय मानक तेव्हा उपलब्ध होते. त्याचा १९८८ चा आराखडा आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारलेले रूप, दोन्ही याच देशात घडले. पुण्यातील सी-डॅकने त्यावर उत्तम काम केले. बाजाराने ते दूर सारले. पुढे अमेरिकेत स्थापन झालेल्या युनिकोड संघटनेने देवनागरीची मांडणी करताना आधार घेतला तो याच १९८८ च्या आराखड्याचा. युनिकोडला परकी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे. जे देशी मानक आपल्या उद्योजकांनी घरात नाकारले, ते जगाचा फेरा करून परत आले आहे.

लिपीचे साधन बदलताना मजकूर मागे राहिला तर काय होते, हे महाराष्ट्राने एकदा अनुभवले आहे. मोडी छपाईला गैरसोयीची होती. बाळबोध रुळली आणि गेल्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली. तो निर्णय चूक होता असे नाही. पण दप्तरांतील कागदांचे लिप्यंतर त्या वेगाने झाले नाही. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा सरकारला मोडी वाचणारी माणसे धुंडाळावी लागली. त्यातही कागद निदान कागद होता. लिपी शिकून तो वाचता येतो. बुरशी आलेल्या सीडीवरील, फॉन्ट हरवलेली धारिका वाचण्यासाठी कोणती लिपी शिकावयाची?

म्हणून जुनी साधने निवृत्त केलीच पाहिजेत. पण क्रम उलटा नको. जीर्ण वस्त्र टाकताना आधी खिसे पाहिले जातात. नवा मजकूर आजपासून युनिकोडमध्येच लिहावा. त्यासाठी मुहूर्त पाहण्याचे कारण नाही. जुना संगणक इंटरनेटपासून तोडून, केवळ रूपांतरासाठी ठेवावा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने दुरुस्ती न झालेले संगणक जगभर ठप्प केले आणि ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णसेवेलाही सोडले नाही. तेव्हा ‘आमचे चालले आहे’ हे समाधान किती पोकळ आहे, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरी जबाबदारी निर्मात्यांची. विक्री आणि दुरुस्ती थांबविलेल्या प्रणालीची घरांची मांडणी त्यांनी जाहीर करावी. त्यात व्यापारी गुपित उरलेले नाही. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ देखील वैध वापरकर्त्याला अन्य प्रणालींशी मेळ घालण्यासाठी आवश्यक आणि सहज न मिळणारी माहिती मिळविण्याची मुभा देते. शासनाने अनुदानित ग्रंथालये व संस्थांकडून अशा धारिकांची यादी तरी मागवावी. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने जो निधी येईल, त्याचा काही अंश समारंभांऐवजी इकडे वळला तर तो सार्थकी लागेल.

रूपांतराचे काम यंत्रावर पूर्ण सोपविता येत नाही. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, जोडाक्षरे फुटतात, वेलांटी शेजाऱ्याकडे जाते. मूळ छापील प्रत समोर ठेवून मुद्रितशोधन करावेच लागते. कोणत्या धारिकेत कोणता फॉन्ट होता आणि कोणते तुकडे हाताने जुळविले होते, हे मात्र ज्याने ते पान लावले त्या जुळाऱ्यालाच ठाऊक असते. १९९० च्या दशकात या व्यवसायात आलेली ती पिढी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, स्थानिक इतिहासाची पुस्तके आणि दिवाळी अंक यांच्या धारिका त्यांच्याच कपाटांत आहेत, आणि विचारावयास अजून कोणी गेलेले नाही.