संग्राहकाच्या मागे

जुन्या तबकड्या जमवणारे आमचे एक स्नेही गेल्या पावसाळ्यात वारले. शोकसभा रीतसर झाली. छंद कसा जोपासावा यावर तिघेचौघे बोलले; त्यांच्यापैकी एकानेही स्नेह्यांच्या घरची लाकडी पेटी कधी उघडून पाहिलेली नव्हती. शेवटी त्यांच्या नावाने वार्षिक पुरस्कार द्यायचं ठरलं आणि चहा झाला.

संग्राहक गेला की पुढे काय होतं, हे या छंदातल्या मंडळींत सगळ्यांना ठाऊक असतं. ७८ आरपीएमची दहा इंची तबकडी साधारण दोनशे ग्रॅमची. पाचशे जमल्या की क्विंटलभर ओझं झालं. घराचं रंगकाम निघतं, भंगारवाल्याला हाक जाते आणि पुण्यातला संग्रह बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, मुंबईतला चोरबाजारात जाऊन पडतो. मग उरलेले संग्राहक घरच्यांच्या नावाने बोटं मोडतात (आणि घासाघीस करून तोच माल घरी नेतात). आमच्या मते दोष घरच्यांचा कमी, गेलेल्याचा जास्त. तबकडी केवढ्याला घेतली हे ज्याने बायकोला जन्मात खरं सांगितलं नाही, त्याच्या मागे तिने ती किलोवर घातली तर त्या बाईचं काय चुकलं?

आमच्या स्नेह्यांचा अभ्यास दांडगा होता. तबकडी उन्हात तिरकी धरून लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीतला नंबर वाचायचे आणि ध्वनिमुद्रण कुठल्या सुमाराचं ते सांगायचे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची त्यांची प्रत तडा गेलेली. सुई फेरीगणिक एकदा टक् करायची. दुसरी चांगली प्रत मिळत असून त्यांनी घेतली नाही. ‘हिला स्वतःचा ठेका आहे,’ म्हणायचे.

हे सगळं डोक्यात. कागदावर काय? खाकी पाकिटांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘को.’, ‘मि.’, ‘सा. २’. यातलं ‘को.’ म्हणजे कोल्हापूर. ती खरेदी आमच्यासमोरच झाली होती. ‘मि.’ म्हणजे मिरज की मित्राकडून मिळालेली, यावर आमच्यात दोन तट आहेत. ‘सा. २’ कुणालाच लागत नाही.

१९०२ साली फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. तिथल्या कामगारांना ना भाषा कळे ना गायिका ठाऊक. गाणं संपताना गौहर जान आपलं नाव इंग्रजीत सांगून टाकी ते त्यांच्या सोयीसाठी, असं सांगतात. परमुलखातल्या अनोळखी कामगाराचा जेवढा विचार तेव्हा झाला, तेवढा आमच्या स्नेह्यांनी पोटच्या मुलाचा केला नाही.

मुलगा म्हणतो, ‘काका, हे सगळं यूट्यूबवर आहे.’ सगळं नाही, पण पुष्कळ आहे. ते तिथे आलं कारण कुणीतरी अशीच एखादी पेटी भंगारात जाऊ दिली नाही. शिवाय पुष्कळदा गाजलेली बाजूच तेवढी तिथे सापडते; पाठीमागे काय होतं याची कुणी चौकशीही करत नाही. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही जाणकारांची संस्था मुंबईत १९९० साली निघाली. पण अशा कुणाचा सल्ला घ्यायचा तरी आधी आपल्याकडे काय आहे हे सांगता यायला हवं, म्हणजे यादी हवी. गायक, राग किंवा नाटक, कंपनी, नंबर, कुठून आणली, अवस्था कशी, एवढ्या रकान्यांची साधी वही पुरते. ती संग्राहकाने हातीपायी धड असताना करायची असते.

आता हे काम आमच्यावर आलं आहे, म्हणून पुरस्कार समितीला एक सूचना. पहिल्या वर्षीचा पुरस्कार कुणालाही देऊ नये. शाल, श्रीफळ आणि सभागृहाचं भाडं वाचेल, त्यात नवी पाकिटं आणि तबकड्या उभ्या ठेवता येतील असं एक कपाट बसतं. आडव्या थप्पीत खालच्या तबकड्यांना तडे जातात. उरलेल्या रकमेतून संगीताच्या एखाद्या विद्यार्थ्याला मानधन देऊन यादीला बसवावं. ‘सा. २’चा उलगडा करणाऱ्याला चहा आमच्याकडून.